ठेव पावतीचं मोर्तब

जुनं मोडी राजपत्र पाहा. माथ्यावर शिक्का, आणि मजकूर संपला तिथेच मोर्तब. शिवरायांचं ‘मर्यादेयं विराजते’, पेशव्यांचं ‘लेखनसीमा’. त्याखाली कुणी ओळ घुसडली तर लगेच डोळ्यांत खुपायची. सातारा-सांगलीतल्या एखाद्या पतसंस्थेला ठेव पावती छापून घ्यायची असेल, तर सूत्र तेच : लबाडाला मोकळी जागा ठेवायची नाही.

साहित्य : सुरक्षा कागद, उठावाचा शिक्का, न पुसणारी शाई, नोटा तपासायचा यूव्ही दिवा.

कृती

१. कागद दिव्याखाली धरा. नेहमीचा पांढराशुभ्र कागद निळसर उजळतो; सुरक्षा कागद मंद राहतो.

२. नाव आणि रक्कम येते तिथे दोन फिक्या रंगांत बारीक, वळणदार रेघांची जाळी छापा. खाडाखोड झाली की जाळी तुटते. पार्श्वभूमी बारीक ठिपक्यांची ठेवा आणि त्यात जाड ठिपक्यांनी ‘छायाप्रत’ लपवा. झेरॉक्समध्ये बारीक ठिपके गळतात, शब्द वर येतो.

३. क्रमांकाला पडताळा-अंक जोडा. २७४६ चे अंक अनुक्रमे ५, ४, ३, २ ने गुणा, बेरीज ६२. तिला ११ ने भागा, बाकी ७. क्रमांक झाला २७४६-७. एक अंक जरी बदलला तरी हिशेब चुकतो. बाकी १० येणारे क्रमांक वगळा.

४. रक्कम हुंडीसारखी लिहा : रु. ५०,०००, अक्षरी पन्नास हजार, निमे पंचवीस हजार. नुसतं शून्य वाढवून भागत नाही. उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढा.

५. जुन्या पत्राच्या कागदांच्या सांध्यावर मागून शिक्का मारत. तसा उठावाचा शिक्का पावती आणि स्थळप्रत यांच्या मधल्या रेघेवर मारा, मगच पावती फाडा.

६. क्यूआर कोडचीही नक्कल होते. म्हणून त्यात डिजिटल स्वाक्षरी असू द्या; सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ती २०१८ पासून मिळते.

७. छपाईनंतर प्लेट मोडा, खराब कागद मोजून जाळा. बेळगावकडच्या खानापूरच्या तेलगीने बनावट मुद्रांक छापले, ते नाशिकच्या सरकारी मुद्रणालयातून भंगारात निघालेल्या यंत्रांवर.

मुदत संपल्यावर ठेवीदार खिडकीशी आला की आधी स्थळप्रत काढा. शिक्क्याचे दोन अर्धे जुळले, तरच पैसे मोजा.