कुठवर, प्रभू?

आजचं वाचन: स्तोत्रसंहिता 13:1-6



आजचं स्तोत्र फक्त सहा वचनांचं आहे. खाली वाचण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचा. ऑफिसच्या बसमध्ये असाल तर ओठ हलवून वाचा, चालेल. पण मनातल्या मनात स्क्रोल करून पुढे जाऊ नका, कारण हे स्तोत्र मुळात गायनासाठी आहे. वरचं शीर्षक पाहा, ते मुख्य गवयासाठी लिहिलेलं आहे. म्हणजे दाविदाने डायरीत लपवून ठेवलेलं हे दुःख नाही. सगळ्या मंडळीने मिळून म्हणायचं हे गाऱ्हाणं आहे.

पहिल्या दोन वचनांत 'कुठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. तू मला कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार, मी कुठवर मनातल्या मनात झुरू, शत्रू कुठवर वरचढ राहणार. आपल्याकडे कोणी असं बोललं की लगेच कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणतं, "असं बोलू नये, देवाची योजना असते." योजना असतेच, मी नाही म्हणत नाही. पण पवित्र शास्त्रात हे 'असं बोलू नये'वालं बोलणं थेट उपासनेच्या पुस्तकात छापलंय. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. स्तोत्र 88 तर अंधार या शब्दावरच थांबतं, शेवटी कुठलाही दिलासा नाही.

हे मला माहीत होतं, बायबल क्लासमध्ये मीच शिकवलंही होतं. कळलं मात्र दोन वर्षांपूर्वी.

त्या जानेवारीत पुण्यातली माझी नोकरी गेली. व्हिडिओ कॉल अकरा मिनिटांचा होता. फ्लॅटचं भाडं परवडेना म्हणून बायको आणि मी सावेडीला घरी परत आलो. मार्चमध्ये पप्पांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात. माणसाला समजतं, आठवतं, सांगायचंही असतं, पण शब्द हाताला लागत नाही. पप्पा निवृत्त शिक्षक, आयुष्यभर बोलण्यावर जगलेला माणूस. आता त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, 'हो'. चहा हवा का, हो. नको का, हो.

आमच्या घरी रात्री नऊला कुटुंब प्रार्थना असते. तीस वर्षं ती पप्पांनीच चालवली. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच रात्री मम्मी म्हणाली, "आता तू घे." मी घेतली. एक उतारा वाचला, वीस सेकंदांत 'आमेन' म्हणालो आणि उठलो. असं जवळजवळ दोन महिने चाललं. मला देवाचा राग आला होता आणि राग आलेला असताना प्रार्थना करायची नसते, असं कुठून तरी माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हणून मी सभ्य प्रार्थना करायचो. सभ्य प्रार्थना म्हणजे ज्यात आपण देवाशी काहीच बोलत नाही.

एका रात्री क्रमाने स्तोत्र 13 आलं. पहिलं वचन वाचलं आणि माझा आवाज अडकला. कोणीच काही बोललं नाही. मग खुर्चीतून पप्पा म्हणाले, "हो."

ते सगळ्यालाच 'हो' म्हणायचे, त्यामुळे मी यातून फार अर्थ काढत नाही. पण त्या रात्री मी ते स्तोत्र शेवटपर्यंत वाचलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा स्वतःच्या भाषेत प्रार्थना केली. ती सुंदर नव्हती. बहुतेक तक्रारच होती.

आता स्तोत्राकडे परत या आणि वचन 4 आणि 5 यांच्या मधल्या जागेकडे बघा. चौथ्यात दाविदाला भीती आहे की शत्रू म्हणेल, मी याला हरवलं. पाचव्यात तो म्हणतो, मी तुझ्या दयेवर भाव ठेवला आहे. मध्ये काय झालं? माझ्यासारखा माणूस लगेच लॉग उघडतो. लॉगमध्ये काहीच नाही. शत्रू मेल्याची नोंद नाही, आजार बरा झाल्याची नाही, देव बोलल्याचीही नाही. परिस्थिती जशीच्या तशी आहे. बदललंय ते एवढंच की चार वचनं तो देवाकडे तोंड करून बोललाय. तिसरं वचन नीट पाहा. तो म्हणतो, माझ्याकडे लक्ष दे, मला उत्तर दे. ज्याने आपल्याला विसरल्यासारखं वाटतंय, त्यालाच 'माझ्या देवा' म्हणून हाक मारतोय. अविश्वास असता तर पाठ फिरवून गेला असता. गाऱ्हाणं कोणाकडे नेतो, यावरून विश्वास कळतो.

आणि ती मधली जागा किती मोठी असू शकते? वाचताना अर्धा सेकंद लागतो. जगताना काही वर्षं.

आपल्या नगरचंच उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत झाला. लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीसच्या आतबाहेर होत्या, पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून त्यांचा संसार एका दिवसात मोडला. पुढची जवळजवळ पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, नातेवाईकांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरात. नंतर टिळकांकडे नगरला आल्या, त्याही लगेच ख्रिस्ती होऊन नव्हे. स्वतःचं सोवळं, स्वतःचा वेगळा स्वयंपाक ठेवून. जातीची ती भिंत आतून हळूहळू ढासळली आणि 1900 मध्ये, नगर-राहुरीच्या या आपल्या भागात असताना, त्यांचा बाप्तिस्मा झाला. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर जरूर वाचा (शाळेतला धडा म्हणजे पुस्तक नव्हे). त्या दिवसांबद्दल लिहिताना बाई कुठेही साक्ष सजवत नाहीत. रडल्या ते सांगतात, चिडल्या ते सांगतात आणि मध्येच हसवतात.

उदाहरण तंतोतंत बसत नाही, हे मान्य. त्या पाच वर्षांत त्या येशूला हाक मारत नव्हत्या. पण विश्वास कसा वाढतो, याचा वेग मला तिथे दिसतो. आपल्याला 'त्या रात्री सगळं बदललं' अशा साक्षी ऐकायची सवय आहे. लक्ष्मीबाईंचं आधी पाणी, मग अन्न, मग माणसं, असं एकेक करत बदललं. आणि बाप्तिस्म्यानंतर कष्ट संपले असंही नाही. पुढे प्लेगच्या साथीत त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली. 1919 मध्ये टिळक गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

प्रभू येशूची प्रार्थनाही आठवा, मार्क 14:32-42. गेथशेमानेत त्याने प्याला दूर कर म्हणून मागितलं. मग पुन्हा गेला आणि मार्क मुद्दाम नोंदवतो की तेच शब्द पुन्हा म्हणाला (वचन 39). मला यात खूप दिलासा आहे. नवीन शब्द सुचत नाहीत म्हणून आपण प्रार्थना सोडतो. देवाच्या पुत्राकडेही त्या रात्री नवीन शब्द नव्हते. आणि प्याला दूर झाला नाही.

शब्दांवरून पप्पांची पुढची गोष्ट. जून महिन्यात रविवारी संध्याकाळी मम्मी भाजी निवडत 'उपासना संगीत'मधलं टिळकांचं एक गीत गुणगुणत होती. दुसऱ्या ओळीला पप्पांनी सूर धरला. शब्दांसकट. पूर्ण कडवं. मी लॅपटॉप तसाच सोडून बाहेर आलो. नंतर स्पीच थेरपिस्टने समजावलं की बऱ्याच रुग्णांत असं दिसतं. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं, पण गाण्याला उजवी बाजूही हातभार लावते, म्हणून बोलता न येणारा माणूस पाठ असलेलं गाणं म्हणू शकतो. चमत्कार म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवावं असं ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना 'पाणी' हा शब्द आला नाही.

पण तेव्हापासून आमची प्रार्थना बदलली. आधी गीत. टिळक म्हणायचे की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, आणि अभंगाच्या त्या चालीतच त्यांनी आपल्या मंडळीला गायला शिकवलं. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी रचलेले शब्द आता सावेडीतल्या एका घरात, स्वतःचे शब्द हरवलेला माणूस देवाला म्हणतो. आपली प्रार्थना आटते तेव्हा मंडळीची प्रार्थना उसनी घ्यायची असते, हे मी पप्पांकडून शिकलो, त्यांनी एक वाक्यही न बोलता. स्तोत्रं त्यासाठीच आहेत. तुम्हाला आज काही सुचत नसेल तर स्वतःचं काही रचू नका. स्तोत्र 13 घ्या, 'शत्रू' या शब्दाच्या जागी तुमचा जो काही आहे तो घाला: ईएमआय, रिपोर्ट, नकाराचा ईमेल, रिकामं घर. वचन 5 मनापासून म्हणता येत नसेल तर चौथ्यापाशी थांबा आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. मी अनेक रात्री चौथ्यापाशीच थांबलोय.

मला नोव्हेंबरमध्ये काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगाराचं, घरून करण्याचं. पप्पांचा उजवा हात अजून उचलत नाही. शब्द आता दहा-बाराच्या आसपास आहेत. नऊची प्रार्थना रोज होते आणि माझा प्रश्न अजून 'कुठवर' हाच आहे.

प्रार्थना: प्रभू, जे आज तुझ्याशी बोलू शकत नाहीत त्यांचं मौन तू ऐक. जे रागावलेत त्यांना तुझ्याकडे तोंड करून रागावू दे. आमच्या घरांतल्या आजाऱ्यांना सांभाळ, त्यांची सेवा करणाऱ्यांना झोप दे. आणि कुठवर, ते आम्हाला सांग. नाहीतर तोवर आमच्याजवळ बस. येशूच्या नावाने, आमेन.

उद्याचं वाचन: रोमकरांस पत्र 8:18-27