चकाकी, साय आणि गाळ : प्रतिकृतींच्या इनॅमल रंगांविषयी थोडेसे

विद्यार्थिदशेत मी १:७२ प्रमाणातील एक स्पिटफायर विमान जोडले होते. पंखांचा विस्तार जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर. जोडकाम नीट झाले. पुढे वरच्या बाजूस गडद हिरवा व मातकट तपकिरी असे दोन पट्टे द्यावयाचे होते. दोन्ही डब्यांवर ‘मॅट’ असे स्पष्ट छापलेले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो हिरवा रंग निस्तेज, हवा तसा. आणि तपकिरी मात्र नुकत्याच तेल लावलेल्या पाटासारखा चमकत होता. प्रदर्शनाला दोनच दिवस उरले होते. दुकानदाराने चुकीची डबी दिली म्हणून मी त्याच्या नावाने बोटे मोडली. दोष दुकानदाराचा नव्हता, डबीचाही नव्हता. तो कोणाचा होता हे समजण्यासाठी रंगाच्या पोटात काय असते ते पाहिले पाहिजे.

इनॅमल रंगात मुख्यतः चार गोष्टी असतात : रंगद्रव्याची बारीक पूड, तिला धरून ठेवणारी अल्किड राळ, दोहोंना पातळ ठेवणारे व्हाइट स्पिरिटसारखे द्रावक, आणि वाळण्याची क्रिया जलद करणारी धातूंची संयुगे. निस्तेज रंगात याखेरीज सिलिकासारखी एक पूड मिसळलेली असते. रंग वाळून आकसला की तिचे कण पृष्ठभागावर अतिसूक्ष्म उंचवटे निर्माण करतात. सपाट पृष्ठभागावरून प्रकाश आरशाप्रमाणे एकाच दिशेने परावर्तित होतो; खडबडीत पृष्ठभागावरून तो दाही दिशांना विखुरतो. ‘ग्लॉस’ आणि ‘मॅट’ यांतील सगळा भेद एवढाच. यांच्या मधले ते ‘सॅटिन’, म्हणजे रेशमी किंवा मंद चकाकी.

आता ही पूड जड. डबी काही महिने फळीवर राहिली की ती रंगद्रव्यासह तळाशी बसते आणि वर उरते ती राळ व द्रावक. मी वरवर ढवळून ब्रश बुडविला, म्हणजे जवळजवळ नुसती राळच विमानाला फासली. ती चमकणार नाही तर काय होईल? तेव्हा चपट्या काडीने तळ खरवडून, काडीला घट्ट गोळा लागेनासा होईपर्यंत ढवळावे. पाच मिनिटे तरी लागतात. डबी नुसती हलविण्याने हे साधत नाही. उलट रंग झाकणाच्या खोबणीत जातो आणि पुढच्या अडचणीचे मूळ तेथेच रुजते.

डबीवरून प्रकार ओळखण्याची रीत प्रत्येक उत्पादकाची निराळी. १९१९ साली इंग्लंडातील हल येथे सुरू झालेल्या हंब्रॉलच्या १४ मिलिलिटरच्या डब्यांवर नुसते क्रमांक असतात, आणि क्रमांकावरून चकाकीचा काहीच बोध होत नाही : काळाच रंग घेतला तर २१ चकचकीत, ३३ निस्तेज आणि ८५ रेशमी. ते पाठच करावे लागतात. जपानच्या तामियाची पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. तेथे ‘एक्सएफ’ हे अक्षर-चिन्ह म्हणजे निस्तेज आणि नुसते ‘एक्स’ म्हणजे बहुधा चकचकीत. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण, एक्स-१८ हा काळा अर्धचकाकीचा आहे. शिवाय तामियाचे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंगही हेच क्रमांक वापरतात. म्हणून क्रमांकाबरोबर बाटलीही नीट वाचावी. जर्मन रेव्हेलच्या चौकोनी डब्यांवर तीनशेच्या घरातील क्रमांक असला तर रंग रेशमी समजावा.

डबीवरचा कागदच निघून गेला असेल तर? ओला असताना प्रत्येक रंग चकचकीतच दिसतो, म्हणून डबीत डोकावून काही कळत नाही. पूर्ण ढवळून प्लॅस्टिकच्या टाकाऊ तुकड्यावर पातळ हात द्यावा, एक दिवस वाळू द्यावा आणि दिव्याखाली धरावा. दिव्याची कड रेखीव दिसली तर चकचकीत. नुसता धूसर उजेडाचा ठिपका दिसला तर रेशमी. काहीच दिसले नाही तर निस्तेज. मात्र तुकडा डोळ्यासमोर अगदी आडवा धरू नये, कारण तिरक्या कोनातून निस्तेज पृष्ठभागही थोडा चमकतो. रंगाच्या कारखान्यांतील चकाकीमापक २०, ६० आणि ८५ अंश अशा ठरलेल्या कोनांतून मोजतात, ते याचमुळे. रंग इनॅमल आहे की ॲक्रिलिक असा संशय असेल तर एक थेंब पाण्यात टाकावा. ॲक्रिलिक मिसळून जाईल, इनॅमल वेगळाच राहील.

साठवणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. इनॅमल केवळ द्रावक उडून वाळत नाही. राळेतील असंतृप्त मेदाम्ले हवेतील ऑक्सिजन घेऊन एकमेकांशी जखडली जातात, आणि ही क्रिया उलट फिरविता येत नाही. डबीत कोंडलेली हवादेखील त्यास पुरते. दुधावर धरावी तशी रंगावर साय धरते ती यामुळेच. अर्धी रिकामी डबी भरलेल्या डबीपेक्षा लवकर बिघडते, कारण तीत हवा अधिक. यावर साधा उपाय म्हणजे उरलेला रंग घट्ट बुचाच्या लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरणे, किंवा डबीतच काचेच्या स्वच्छ गोट्या टाकून पातळी वर आणणे. गोट्या ढवळण्यासही मदत करतात.

झाकण लावण्यापूर्वी खोबणी व कड फडक्याने कोरडी पुसावी. मग लाकडाचा तुकडा वर ठेवून सगळीकडून सारखे दाबावे. हातोडीने ठोकल्यास पत्रा वाकतो आणि हवा आत शिरते. काहीजण डब्या उलट्याच ठेवतात. मला ते पसंत नाही, कारण गाळ झाकणावर बसतो आणि उघडताना हात रंगतात. बंद डबी क्षणभर उलटी करून पुन्हा सरळ ठेवावी, म्हणजे कडेला रंगाचा पातळ थर बसून फट बुजते. जागा थंड व अंधारी असावी, चुलीपासून आणि उन्हाच्या खिडकीपासून दूर. बेळगावच्या पावसाळ्यात डब्यांचा पत्रा गंजतो आणि गंजाचे कण रंगात पडतात. तेथे झाकणाच्या पेटीत ठेवणे बरे.

साय धरलीच तर ती ढवळून आत घालू नये, तिच्या गुठळ्या पुन्हा विरघळत नाहीत. पात्याने कडेने कापून अखंड उचलावी आणि खालचा रंग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळावा. द्रावक घालून पातळ केलेला रंग मूळ डबीत परत ओतू नये.

ब्रशाला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची सवय अनेकांना असते. जुन्या पिवळ्या व तांबड्या इनॅमलमध्ये शिशाची संयुगे असू शकतात. खिडकी उघडी असावी, जवळ ज्योत नसावी, आणि रंगाची फडकी चुरगळून कोपऱ्यात न टाकता पसरून वाळवावीत. साचलेल्या ढिगात ऑक्सिजनच्या त्याच क्रियेने उष्णता कोंडते.

माझ्या स्पिटफायरचे काय झाले, असे कोणी विचारील. तपकिरी पट्टे मी पुन्हा रंगविले नाहीत. चिन्हांचे कागद चकचकीत पृष्ठभागावरच नीट चिकटतात, निस्तेजावर खाली हवा अडकून रुपेरी डाग दिसतात. म्हणून आधी हिरव्यावरही चकचकीत वार्निश दिले, चिन्हे लावली, आणि सर्वांवर निस्तेज वार्निशचा एक हात फिरविला. त्या वार्निशची डबी मात्र मी दहा मिनिटे ढवळली होती.