खंडीभर म्हणजे नक्की किती?

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत गणित शिकवताना 'खंडीभर', 'लाखभर', 'अब्जावधी' हे शब्द मुलांच्या तोंडून सतत येतात. त्यांच्या किमती ठरवताना जे कळलं, ते लिहून ठेवतोय.

१. आधी माल कोणता, ते विचारावं.
मेंढरं मोजणाऱ्याची खंडी २० नगांची. जुन्या धान्यमापातली २० मणांची. रुईचा भाव आजही खंडीवर बोलतात, ती सुमारे ३५६ किलोची, म्हणजे जुने ७८४ पौंड. 'खंडीभर म्हणजे लई' एवढ्यावर मी कुणाला सोडत नाही.

२. अब्जाच्या पुढं गेलं की कुणाचं कोष्टक, तेही सांगावं.
भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) एकपासून परार्धापर्यंत १८ स्थानं आहेत, पुढचं प्रत्येक दहापट. त्यात खर्व म्हणजे १० अब्ज. हिंदीतला खरब मात्र १०० अब्ज. टीव्हीवर खरब ऐकून मूल वहीत खर्व लिहितं आणि एका शून्याचा फरक पडतो. हा घोळ आपल्याकडंच आहे असं नाही. ब्रिटन सरकारचा बिलियनसुद्धा १९७४ पर्यंत १,००० अब्जांचा होता, मग तो १ अब्जावर आला.

३. मोठी संख्या ज्वारीत मोजावी.
मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ही. दहा मुलांनी मालदांडी ज्वारीचे शंभर-शंभर दाणे मोजायचे. फुटका दाणा बाजूला, खडा बाजूला. हजार झाले की बारीक काट्यावर टाकायचे. तीस-पस्तीस ग्रॅम भरतात. मधला साडेबत्तीसचा आकडा धरला की लाख दाणे सव्वातीन किलो, पिशवीत मावतात. कोटी दाणे सव्वातीन क्विंटल, ते प्रत्येकानं घरी पाहिलेले असतात. अब्ज म्हणजे सव्वातीनशे क्विंटल. इथं वर्ग गप्प होतो, कारण एवढी ज्वारी एका घरात कुणी पाहिलेली नसते. लाख, कोटी, अब्ज हे एका दमात म्हणायचे शब्द नव्हेत, हे त्यांना तेव्हा पटतं. परार्ध दाण्यांचं वजन सव्वातीन अब्ज टन होतं. जगभर वर्षाला पिकणारं सगळं धान्य त्याहून थोडं कमीच भरतं! भास्कराचार्यांनी शेवटचं स्थान म्हणून दिलेला परार्ध केवढा, हे मलाही या हिशोबानंच नीट उमगलं.

४. गर्दीचा आकडा जागेवरून काढावा.
येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला 'लाखो माणूस' जमतो, असं सगळेच म्हणतात. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं दाटीनं उभी राहतात. म्हणजे एका लाखाला २५,००० चौरस मीटर, सव्वासहा एकराच्या आसपास रान लागतं. आमच्याकडं एकराचा अंदाज शेतकऱ्याच्या पोराला नजरेनंच येतो. त्यामुळं यात्रेहून आलेल्या मुलांना मी आकडा विचारत नाही, माणसं किती एकरांत होती ते विचारतो. गुणाकार ती स्वतःच करतात.