घरापासून पंपघरापर्यंत इथरनेटची जोडणी

इंटरनेटची जोडणी बहुधा राहत्या घरी असते. ठिबक संचाचे स्वयंचलित नियंत्रक व कॅमेरा मात्र विहिरीवरील पंपघरात बसवावे लागतात. मधले अंतर ४०० मीटर असल्यास साधी तांब्याची इथरनेट केबल उपयोगी पडत नाही, कारण तिची मर्यादा १०० मीटर आहे. दर शंभर मीटरांवर स्विच ठेवता येतो हे खरे. परंतु उभ्या पिकात त्यास वीज कोठून द्यावयाची?

टेलिफोनच्या तारेसारखी जोडतार पूर्वीच जमिनीत पुरलेली असेल, तर दोन्ही टोकांस इथरनेट एक्स्टेंडर बसवावेत. अंतराबरोबर वेग घटतो, तरी नियंत्रकाच्या कामास तो पुरेसा होतो. मात्र वळवाच्या दिवसांत विजेचा आघात याच तारेतून उपकरणांपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. म्हणून दोन्हीकडे वीजरोधक व उत्तम अर्थिंग हवे. नवीनच तार पुरावयाची असल्यास ऑप्टिकल फायबर घ्यावी. तिच्या काचेतून वीज वाहत नाही. नांगराच्या फाळापासून जपण्यासाठी ती पाइपातून खोल न्यावी.

चर खणणे शक्य नसल्यास बिनतारी ब्रिज हा उपाय होय. ब्रिज जाळ्याच्या दोन तुकड्यांचे एकच जाळे करतो. ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील अशा साधनांस, ठरवून दिलेल्या शक्तिमर्यादेत, भारतात २०१८ पासून परवाना लागत नाही. येथे शेतकरी फसतो तो उंचीच्या हिशेबात. सुरू उसाची लावण फेब्रुवारीत झाली, त्याच सुमारास ब्रिज बसविला, तर काम उत्तम चालते. पावसाळा सरता सरता जोडणी तुटू लागते, आणि दोष उपकरणास दिला जातो. वस्तुतः दोन अँटेना एकमेकींस दिसणे एवढेच पुरत नाही. ४०० मीटर अंतरावर लहरींचा पट्टा मध्यभागी सरळ रेषेच्या सर्व बाजूंस सुमारे सव्वादोन मीटर पसरतो, व त्यातील निदान १.४ मीटर मोकळा राहावा लागतो. ऊस ४ मीटर वाढणार असे धरल्यास सपाट जमिनीवर दोन्ही खांब ६ मीटरांचे असावेत. भिजलेली पाने लहरी अधिकच शोषतात.

केबल व बिनतारी ब्रिज हे दोन्ही मार्ग एकाच वेळी जोडून ठेवू नयेत. संदेश चक्राकार फिरत राहून सर्व जाळे ठप्प होते. दुसरा मार्ग राखीव हवाच असल्यास स्पॅनिंग ट्री ही सोय असलेले स्विच घेऊन ती चालू करावी.