धारवाडचे प्राचीन भूकवच : घडण आणि खनिजसंपत्ती

खाणींची स्थाने केवळ पाठ करण्यापेक्षा तेथील खडकांचा इतिहास जाणून घेतल्यास खनिजांचे वितरण अधिक सहज समजते. म्हैसूर परिसर हे याचे उत्तम उदाहरण होय. हे शहर ‘धारवाड क्रेटॉन’ या अतिप्राचीन व स्थिर भूखंडावर वसलेले आहे. झिरकॉन या खनिजातील युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून खडकांचे वय काढले असता हे भूकवच सलग नव्हे, तर टप्प्याटप्प्याने वाढल्याचे दिसते.

पहिला टप्पा : सुमारे ३४० ते ३०० कोटी वर्षांपूर्वी क्रेटॉनचा पश्चिम भाग घडला. प्रावरणातून आलेल्या शिलारसापासून मॅग्नेशियमयुक्त खडक तयार झाले. म्हैसूर जिल्ह्यातील सरगूरवरून त्यांच्या समूहास ‘सरगूर गट’ म्हणतात. म्हैसूरजवळील सिंधुवळ्ळीचे क्रोमाइट अशाच खडकांत आढळते. याच काळात जलयुक्त बेसॉल्ट खोलवर जाऊन अंशतः वितळले. पाण्यामुळे खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. त्यातून सोडियमयुक्त, ग्रॅनाइटसदृश खडक निर्माण झाला. पुढे दाब व उष्णतेने त्याचे ‘द्वीपकल्पीय पट्टिताश्म’ बनले. हा खडक प्रावरणापेक्षा हलका असल्याने पुन्हा खाली न बुडता टिकून राहिला.

दुसरा टप्पा : या पायावरील सागरी खोऱ्यांत लाव्हा व गाळ साचला. बाबाबुदन व कुद्रेमुख येथील पट्टित लोहखनिज ही त्याची देणगी होय.

तिसरा टप्पा : सुमारे २७० ते २५० कोटी वर्षांपूर्वी पूर्व भाग वाढला. सुमारे ४०० किलोमीटर लांबीचा क्लोजपेट ग्रॅनाइट पट्टा याच टप्प्याच्या अखेरीचा आहे. कोलारचे सोने उष्ण द्रवांबरोबर खडकांच्या भेगांत साचले.

शिलारसाचे मूळ कारण कोणते, याविषयी मतभेद आहेत. काही भूवैज्ञानिक भूपट्टांच्या अधोगमनावर, तर काही प्रावरणातील उष्ण प्रवाहांवर भर देतात.

ही घडण कोट्यवधी वर्षांची. उपभोगाचा काळ मात्र अल्प. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झालेल्या कोलारच्या खाणी सुमारे तीन किलोमीटर खोलीपर्यंत गेल्या आणि २००१ मध्ये बंद पडल्या. कुद्रेमुखचे उत्खनन पर्यावरणाच्या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार २००५ अखेर थांबले. दोन्ही ठिकाणी खाणीवर विसंबलेल्या वसाहतींपुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. म्हणूनच खनिजाचे उत्पन्न ही नियमित मिळकत न मानता संचित भांडवलाची घट मानावी आणि त्यातील काही भाग शिक्षण व पर्यायी रोजगारात गुंतवावा, हा या अभ्यासाचा अर्थशास्त्रीय निष्कर्ष होय.