औषधाला मेदाचे कवच

सन २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या आजारात मराठवाड्यातील अनेक कुटुंबांना ‘लायपोसोमल अँफोटेरिसिन’ या इंजेक्शनसाठी वणवण करावी लागली. ‘लायपोसोमल’ हा शब्द पुष्कळांच्या कानी तेव्हाच प्रथम पडला. कर्करोगाच्या औषधांतही तो येतो, व बिल पाहून नातेवाईक त्याविषयी विचारणा करतात. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. तथापि डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

लायपोसोम म्हणजे मेदद्रव्याच्या दुहेरी पापुद्र्याची पोकळ कुपी. आकार मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध कर्करोगाच्या पेशी मारते, परंतु एकूण मात्रा वाढत गेल्यास हृदयाचे स्नायू दुबळे करते. कुपीत बंद केलेले हेच औषध निरोगी रक्तवाहिन्यांतून सहसा बाहेर झिरपत नाही. गाठीतील रक्तवाहिन्या मात्र कच्च्या असतात. तेथे ते साचते. अमेरिकेत या रूपास १९९५ साली मान्यता मिळाली. पुढे २०१२ मध्ये तेथे तुटवडा पडला, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माच्या औषधाची तात्पुरती आयात त्या देशाने केली, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

मात्र महाग ते अधिक गुणकारी, असे नाही. शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात दोन्ही रूपांचा गुण जवळपास सारखाच आढळला. हृदयाचा त्रास कमी, पण तळहात-तळपाय सोलवटण्याचा अधिक. म्हणून जमीन गहाण टाकून ‘तेच द्या’ असा आग्रह धरू नये. ज्यांचे हृदय साधे औषध सोसणार नाही असे डॉक्टर लिहून देतात, त्यांच्यासाठीच आम्ही रुग्णसाहाय्य निधी या औषधाकडे वळवितो. नकार देताना जड जाते, हे लपवीत नाही.

दोन्ही औषधांची मात्रा वेगळी असते. एकाऐवजी दुसरे चालत नाही. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, व गोठता कामा नये. नांदेड-लातूरचा उन्हाळा आणि जाणारी वीज लक्षात घेऊन औषधांच्या फ्रिजला जनित्राची जोड दिली आहे. मुंबईहून रेल्वेने औषध आणणाऱ्यांनी ते थेट बर्फाला टेकवू नये.

अशाच सूक्ष्म मेदकणांतून जनुकीय संदेशही पेशीत पोहोचविता येतो. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या अशा कोविड लसीस २०२२ मध्ये आपत्कालीन मान्यता मिळाली. कर्करोगावर मात्र ही पद्धत अद्याप चाचण्यांच्या पायरीवर आहे. तिच्या नावाने कोणी पैसे मागितल्यास, देण्यापूर्वी आमच्या डॉक्टरांस अवश्य भेटावे.