पुण्याला येशील तेव्हा

(मिरजेजवळच्या एका खेड्यात राहणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला संगीत नाटकांचे वेड आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आपल्या आईबरोबर पुण्याला मामाकडे जाणार आहे. त्याच्या पत्राला मामाने पाठविलेले हे उत्तर.)

पुणे

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोचले. हल्ली फोन हाताशी असताना पत्र कोण लिहितो, असे मामी म्हणाली. पण तू लिहिलेस हे फार बरे केलेस. फोनवर माणूस निम्मे सांगायचे विसरतो आणि निम्मे सांगायचे टाळतो. तू मात्र काही टाळले नाहीस. पत्राच्या पुढच्या बाजूस पुण्यात पाहावयाच्या सतरा ठिकाणांची यादी आहे आणि मागच्या बाजूस, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत दोन वाक्ये आहेत. आधी यादीचे उत्तर देतो. त्या दोन वाक्यांकडे शेवटी वळू.

तुझ्या यादीत शनिवारवाडा आहे, पर्वती आहे, सिंहगड आहे, कात्रजचे प्राणिसंग्रहालय आहे आणि दोन मोठी दुकानेही आहेत. तुम्ही शनिवारी दुपारी येणार आणि सोमवारी सकाळी परत निघणार. झोप, जेवण आणि जाणे-येणे वजा केले, तर आपल्या हाती जेमतेम पंधरा-सोळा तास उरतात. सतरा ठिकाणांना ते वाटून दिले, तर एकेका ठिकाणी तासभरही वाट्याला येणार नाही. अशा प्रवासातून मनुष्य पायांचे दुखणे घेऊन घरी येतो, दुसरे काही नाही. म्हणून मी तुझी यादी पुढे घेतली आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला : हा मुलगा पुण्याला कशासाठी येतो आहे? तू 'सौभद्र' पाहण्यासाठी येतो आहेस. मग त्या एका गोष्टीला जे पोषक तेवढे ठेवले आणि बाकीचे खोडून टाकले. वाईट वाटून घेऊ नकोस. सिंहगड पुढच्या वर्षीही जागेवरच असेल. नाटकाचा प्रयोग मात्र पडदा पडला की संपतो. उद्याचा प्रयोग हा निराळा प्रयोग असतो.

तुझी सहल गाडीत बसताक्षणीच सुरू होईल. मिरज सोडल्यावर लवकरच सांगली येईल. तेथे खिडकीबाहेर नीट पाहा. सन १८४३ मध्ये याच सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' या नाटकाचा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमीची परंपरा सुरू झाली. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन म्हणून पाळतात, तो त्या प्रयोगाच्या स्मरणार्थ. पुढे किर्लोस्करवाडी हे स्टेशन लागेल. ते नाव वाचून उडी मारू नकोस. ते गाव कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या नावाने वसले आहे; 'सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर ते निराळे.

शनिवारी सायंकाळी चहा घेऊन आपण बुधवार पेठेत पायी जाऊ. तेथे पूर्वी आनंदोद्भव नावाचे नाटकगृह होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी तेथे अण्णासाहेबांच्या 'संगीत शाकुंतल' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. कालिदासाच्या संस्कृत नाटकावरून त्यांनी ते मराठीत रचले होते. त्या रात्री नवे काय घडले, ते समजून घे. भाव्यांच्या नाटकांत पदे बहुधा सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे त्यानुसार अभिनय करीत. अण्णासाहेबांनी गाणे पात्रांच्या मुखी दिले. ज्याला दुःख झाले त्यानेच गावे, ज्याला आनंद झाला त्यानेच गावे, असे त्यांनी ठरविले. ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. पण तिच्यातूनच पुढचे सारे मराठी संगीत नाटक उभे राहिले. आता त्या नावाचे नाटकगृह तेथे नाही. पेठेतील गर्दी, दुकाने आणि वाहने यांतच आपल्याला दोन मिनिटे उभे राहावे लागेल. तरीही मी तुला तेथे नेणार आहे; कारण नाटकगृहे जातात आणि त्यांत गायलेली पदे मागे राहतात, हे एकदा त्या ठिकाणी उभे राहून कळलेले बरे.

रविवारी सकाळी राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयात जाऊ. तेथे अडकित्ते, दिवे, दरवाजे अशा अगणित जुन्या वस्तू आहेत. त्या सगळ्या पाहू लागलो, तर दिवस पुरणार नाही. आपण थेट वाद्यांच्या दालनात जाऊ आणि तासभर तेथेच राहू. तू मिरजेकडचा आहेस. मिरजेचे तंबोरे नावाजलेले आहेत, हे तुला ठाऊकच आहे. भोपळ्यापासून एवढे मोठे वाद्य कसे घडते, ते येथे येण्यापूर्वी तेथील एखाद्या कारागिराला विचारून ये. ते तू मला समजावून सांगायचे, असे आपले ठरले.

दुपारी जेवून सक्तीने झोपायचे. हसू नकोस. जागरणाने जड झालेले डोळे आणि पोट घेऊन नाटकाला जाणे म्हणजे तिकीट वाया घालविणे होय.

प्रयोग सायंकाळी साडेपाचला बालगंधर्व रंगमंदिरात आहे. मी स्वतः खिडकीवर जाऊन चार तिकिटे काढली आहेत. तुला पहिली रांग हवी होती. मी आठवी घेतली. पहिल्या रांगेत मान वर करून बसावे लागते आणि सगळा रंगमंच एका दृष्टीत मावत नाही. तुझ्या डब्यात साठलेल्या पैशांतून तू केवळ स्वतःच्या तिकिटाचे पैसे द्यावेस. बाकीचे मी पाहीन. ऊस कारखान्याला जाण्याच्या दिवसांत दाजींवर आणखी भार नको. ताईचे तिकीट काढले आहे, हे तिला आताच सांगू नकोस. लग्नापूर्वी ती आणि मी रेडिओला कान लावून नाट्यपदे ऐकत असू. कित्येक वर्षांत तिने नाटक पाहिलेले नाही. 'बाळाला सोडून मी बाहेर थांबते' असे ती म्हणेल, तेव्हा आपण तिकीट पुढे करू.

आपण पाऊण तास आधी पोचायचे. हे रंगमंदिर ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या बालगंधर्वांच्याच हस्ते १९६२ साली त्याची कोनशिला बसविण्यात आली. १९६७ च्या जुलैमध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी २६ जून रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी, रंगमंदिराचे उद्घाटन झाले. ज्या वास्तूचा पाया त्यांनी घातला, तिच्या रंगमंचावरचा पडदा उघडलेला त्यांना पाहता आला नाही. चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी रंगविलेली त्यांची तैलचित्रे तेथे आहेत, ती सावकाश पाहा. स्त्रियांनी रंगभूमीवर येण्याची चाल नव्हती, त्या काळात बालगंधर्व स्त्रीभूमिका करीत आणि त्यांच्या गाण्यासाठी लोक गावोगावहून येत.

आता नाटकाविषयी चार शब्द. अर्जुनाचे सुभद्रेवर प्रेम आहे; बलरामाने मात्र तिचा विवाह दुर्योधनाशी ठरविला आहे; आणि श्रीकृष्ण हसतहसत सारी सूत्रे हलवीत आहे, एवढी कथा तुला ठाऊक आहे. १८८२ साली हे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा त्यात शंभराहून अधिक पदे होती. हल्ली पुष्कळ पदे गाळून प्रयोग आटोपशीर करतात. म्हणून तुला पाठ असलेले एखादे पद आले नाही, तर हिरमुसू नकोस.

रंगमंचाच्या कडेला ऑर्गन आणि तबला दिसेल. ऑर्गन हा पेटीचा मोठा भाऊ. पण त्याची रीत उलटी. पेटीत भात्याने हवा बाहेर ढकलली जाते आणि पट्ट्या वाजतात. ऑर्गनमध्ये पायांनी भाता चालवून हवा आत ओढली जाते, म्हणून त्याचा नाद अधिक गोल आणि मऊ येतो. शिवाय वादकाचे दोन्ही हात मोकळे राहतात. तिसरी घंटा झाली की पडदा उघडेल आणि नांदी सुरू होईल. तेव्हापासून तुझे एकच काम : बोलणे संपून गाणे कोठे सुरू होते, ते टिपायचे. पात्र बोलत असताना ऑर्गनवर हलकेच सूर लागतो. बोलून जे सांगता येत नाही तेथे मनुष्य पोचतो आणि मग तो गाऊ लागतो. ती वेळ योग्य साधली, तर गाणे उपरे वाटत नाही. ती चुकली, तर कितीही गोड गळा असला तरी नाटक थांबल्यासारखे वाटते. शेजाऱ्याला ऐकू जाईल असे गुणगुणायचे नाही आणि खिशातला फोन बंद ठेवायचा, हे तुला सांगावे लागू नये.

आता तुझ्या पत्राच्या मागच्या बाजूकडे येतो. तू लिहितोस : 'मामा, माझा आवाज फुटला. संमेलनात पद म्हणताना वरचा स्वर चिरकला आणि सगळे हसले. आता सौभद्र एकदा डोळ्यांनी पाहीन आणि मग गाणे सोडून देईन.'

बाळ, हसणाऱ्यांचे मी काही सांगू शकत नाही. पण तुझ्या गळ्याचे सांगतो. या वयात मुलाचा कंठ वाढतो. त्यातील स्वरतंतू लांब आणि जाड होतात, म्हणून आवाज खाली उतरतो. जवळजवळ एक सप्तक उतरतो. तंतू नवे आणि सवय जुनी, त्यामुळे स्वर मधूनच घसरतो. हा आजार नव्हे. काही महिन्यांनी, फार तर वर्ष-दोन वर्षांनी, गळा स्थिर होतो. तोपर्यंत ओरडून वरचे स्वर काढू नयेत. मधल्या स्वरांत हलके गावे आणि पुष्कळ ऐकावे.

आणि यासाठीच मी शनिवारच्या कार्यक्रमात एक ठिकाण तुझ्या यादीबाहेरचे घातले आहे. बुधवार पेठेतून पुढे आपण भारत गायन समाज या संस्थेच्या दाराशी जाऊ. १९११ साली ती भास्करबुवा बखले यांनी स्थापन केली. हे भास्करबुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळींच्याच नाटकांत काम करीत. गोड गळ्याचा मुलगा म्हणून त्यांचे कौतुक होई. मग तुझ्यासारखाच त्यांचा आवाज फुटला आणि कौतुक संपले. नाटकात त्यांना पूर्वीची जागा राहिली नाही. त्यांनी गाणे सोडले नाही. ते बडोद्याला फैज महंमद खाँ यांच्याकडे शिकले, पुढे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकले. १९१६ साली 'स्वयंवर' नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातील पदांना चाली देणारे गुरू हेच होते आणि ती पदे गाणारे बालगंधर्व त्यांचे शिष्य होते. ज्या मुलाला रंगभूमीने फुटक्या आवाजामुळे दूर केले, त्यानेच पुढे रंगभूमीला गाणे दिले.

तू भास्करबुवा होशील, असे मी म्हणत नाही. तसे कोणाविषयीही आधी सांगता येत नाही. तू गायक होशील, वादक होशील, किंवा आठव्या रांगेत बसून नीट ऐकणारा रसिक होशील. रसिकही रंगभूमीला हवेच असतात. माझे मागणे एवढेच, की गाणे सोडायचे किंवा नाही हा निर्णय हसण्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊ नये. नाटक पाहून ये, गळा स्थिर होऊ दे आणि मग ठरव.

येताना एक वही आण. मनाला भिडलेली तीन पदे, ती कोणत्या प्रसंगी आली आणि तेथेच का आली, एवढे सोमवारी गाडीत बसून लिही. शनिवारी दुपारी मी स्टेशनवर उभा असेन.

तीर्थरूप ताईस व दाजींस साष्टांग नमस्कार. मामीने तुझ्यासाठी चकल्या राखून ठेवल्या आहेत. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
मामा

स्वाध्याय

१. मामाने सतरा ठिकाणांची यादी कोणत्या विचाराने लहान केली?
२. विष्णुदास भावे यांच्या नाटकांतील गाणे व अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांतील गाणे यांत कोणता फरक होता?
३. 'नाटकगृहे जातात आणि त्यांत गायलेली पदे मागे राहतात.' या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.
४. भास्करबुवांची हकीकत मामाने भाच्याला का सांगितली असावी?
५. तुमच्या आवडीच्या एका गोष्टीसाठी दोन दिवसांच्या सहलीचा कार्यक्रम आखा. कोणती ठिकाणे गाळली व का, तेही लिहा.